भाकर कोणाची वाळली

जी कॅसेट पंधरा दिवसांपूर्वी धाड गावच्या चौकात पन्नास माणसांसमोर मुर्दाबादच्या घोषणा देत जाळली होती, ती रविवारी दुपारी दोन वाजता गुलाबरावांच्या खोलीत वाजायला लागली.

बाहेरच्या खोलीत त्यांचा मुलगा प्रेमानंद लेकीच्या लग्नाच्या पत्रिकांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत बसला होता. त्याचं बोट डिंकाच्या वाटीतच राहिलं. शेजारी त्याची बायको धम्मशीला पट्ट्या कापत होती, तिची कात्री थांबली. साखरखेर्ड्याहून सकाळच्या गाडीनं आलेली बहीण बेबीताई मात्र मान डोलवायला लागली, कारण भावाच्या तोंडावरचा रंग उडाला की तिला लहानपणापासून बरं वाटे. आतून कव्वाल दिगंबरकुमारांचा जाड, किंचित घोगरा आवाज येत होता:

वाट पाहता पाहता, भाकर वाळली तव्यावर
येईन म्हणून गेला राजा, सूर्य आला माथ्यावर

"भाऊ, हे तर तू जाळलं होतं ना?" बेबीताईनं विचारलं.

हे गाणं माहीत नाही असा माणूस आमच्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. दिगंबरकुमारांनी ते अठ्ठ्याऐंशी साली म्हटलं आणि तेव्हापासून वस्तीतल्या एकाही लेकीची पाठवणी त्याच्याशिवाय झाली नाही. वधूच्या आईला रडू येईना तर बँडवाले हेच लावत. दुसऱ्या कडव्यापर्यंत काम होऊन जाई. आणि मग महिन्यापूर्वी, निवडणुकीच्या धामधुमीत, ज्या पक्षाविरुद्ध उभी हयात गाणी म्हटली त्याच पक्षाच्या स्टेजवर दिगंबरकुमार चढले, त्या पक्षाचा गमछा गळ्यात घालून घेतला आणि माईकवर म्हणाले की समाजाचं पोट आता भरलं आहे, रडगाणी पुरे झाली. अठ्ठावीस सेकंदांचा तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत प्रत्येक मोबाइलमध्ये पोचला. दुसऱ्या दिवशी धाडमध्ये निषेध समिती स्थापन झाली. प्रेमानंद माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि निवेदन शुद्ध लिहितो, म्हणून अध्यक्षपद त्याच्याकडे आपोआप चालत आलं.

दिगंबरकुमारांची गाणी जाळायची असं एकमतानं ठरलं. पण जाळायचं काय, तिथं घोडं अडलं. गाणी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल जाळायला समितीतलं कोणीच तयार नव्हतं. कॅसेट असलेलं गावात एकच घर होतं, ते अध्यक्षांचं. गुलाबराव न्हाणीत असताना प्रेमानंदनं त्यांची पत्र्याची पेटी उघडली आणि 'दिगंबरकुमार, भाग तीन' असं वेष्टन पाहून कॅसेट उचलली. आठवडी बाजाराचा दिवस होता, चौकात गर्दी होती, आणि कॅसेट जळताना इतका काळा धूर निघाला की पलीकडच्या भजीवाल्यानं कढईवर झाकण ठेवलं. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमीही आली.

आता गुलाबराव दारात येऊन उभे राहिले. वय शहात्तर, एसटीत कंडक्टर म्हणून चौतीस वर्षं काढलेली, त्यामुळे चौकटीला न टेकता उभं राहायची सवय. हातात कॅसेटची एक रिकामी डबी होती.

"भाग तीनची डबी नव्वद साली फुटली होती," ते शांतपणे म्हणाले. "मंग मी भाग तीन दुसऱ्या डबीत ठेवली अन् त्या फुटक्या डबीत दुसरी कॅसेट ठेवली. तू तं दुसरी जाळली."

"दुसरी म्हणजे कोणती?"

"तुही, तुह्या भाषणाची. इयत्ता नववी, वक्तृत्व स्पर्धा, पहिला नंबर. विषय, वेळेचे महत्त्व. मी सोता रेकॉर्ड केली होती."

बेबीताई पदर तोंडात कोंबून आत पळाली. प्रेमानंदच्या भाषणाला पन्नास माणसांनी मुर्दाबाद म्हटलं होतं आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता. धम्मशीलेनं मान खाली घालून पट्ट्या कापायला सुरुवात केली. ती हसत होती की नाही ते सांगता येणार नाही, पण पट्ट्या वाकड्या निघायला लागल्या.

खरं म्हणजे हसायची वेळ नव्हती. लग्न पुढच्या रविवारी होतं. मुलगी मंजुश्री, डी.फार्म झालेली, बुलढाण्याच्या एका औषधाच्या दुकानात नोकरीला. नवरा मोताळ्याचा कुशल. त्याचे वडील माणिकराव पंचायत समितीतून निवृत्त झालेले आणि चळवळीत तालुक्याचे पदाधिकारी. तीनशे पत्रिका गुलाबरावांनी स्वतः बुलढाण्याला जाऊन छापून आणल्या होत्या, तो व्हिडिओ यायच्या दहा दिवस आधी. वर बुद्धाची प्रतिमा, खाली 'मंगल परिणय', आणि त्याच्या खाली लाल शाईत गाण्याच्या त्या दोन ओळी आणि नाव: कव्वाल दिगंबरकुमार. नातीच्या लग्नात दुसरं काहीच त्यांनी स्वतःच्या मनासारखं मागितलं नव्हतं.

आज सकाळी माणिकरावांच्या हाती पत्रिका पडली आणि नऊ वाजता त्यांचा फोन आला. गद्दाराचं नाव आणि गद्दाराचं गाणं पत्रिकेवरून आणि मांडवातून निघालं नाही, तर मोताळ्याहून वरात निघणार नाही. चार वाजता मी स्वतः येतो, तोवर ठरवा. प्रेमानंदला ठरवायचं काही नव्हतं, त्यानं लगेच पांढरा कागद आणि डिंक आणला. मग गुलाबराव म्हणाले, त्या ओळी झाकल्या आणि पाठवणीला ते गाणं लागलं नाही तर मी मांडवात पाय ठेवणार नाही. निमंत्रकांत माझं नाव आहे, त्याच्यावरही एक पट्टी चिकटवून टाक.

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर कोणी मनावर घेतलं नसतं. पण प्रवाशाला 'पुढची गाडी बघा' म्हणावं तसं ते म्हणाले, आणि कंडक्टर तसं म्हणाला की गाडी खरंच थांबत नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

कॅसेटची एक बाजू संपली. खटका पडला.

"बाबा, हा गाण्याचा प्रश्न नाही," प्रेमानंदनं वर्गात बोलायचा आवाज लावला. त्यानं समजावून सांगितलं की ज्या माणसाला समाजानं डोक्यावर घेतलं त्यानंच समाजाला भरल्या पोटाचा म्हटलं, आता त्याचं गाणं वाजवणं म्हणजे त्याच्या बोलण्याला माना डोलावणं. कलावंत आणि कला वेगळी काढता येत नाही. दूध आणि पाणी एकदा मिसळलं की मिसळलं.

गुलाबराव खाटेवर बसले. "मी चौतीस वर्षं गाडीत फिरलो. ड्रायव्हर कोण्या पार्टीचा हाय हे विचारून एक तरी माणूस यष्टीत बसला काय बे? गाडी बुलढाण्याले पोचते ना, बस."

"अन् बुलढाण्याची पाटी लावून ड्रायव्हरनं गाडी जालन्याले नेली तर?"

हे उत्तर चांगलं होतं. गुलाबरावांनाही ते आवडलं, कारण त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तर मंग आपल्या फाट्यावर उतरावं," ते म्हणाले. "पण जेवढा रस्ता बरोबर नेला, तेवढ्याचं तिकीट खोटं होत नाही."

आतून येऊन बसलेल्या बेबीताईनं लगेच वडिलांची बाजू घेतली. तिला दिगंबरकुमारांशी काही देणंघेणं नव्हतं. साखरखेर्ड्याला तिच्या नणंदेच्या घरी टीव्ही आल्यापासून तिनं गाणी ऐकणंही सोडलं होतं. पण भावाला शिक्षक केलं आणि आपल्याला दहावीनंतर उजवलं, हा हिशेब तिच्या मनात तसाच पडून होता, आणि तो मांडायला तिला कुठलाही विषय चालत असे. ती म्हणाली की बाबाले गाण्याचं समजते, तुले फक्त निवेदनाचं समजते.

धम्मशीला मात्र कोंडीत सापडली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका असल्यामुळे सुई टोचताना माणसाला बोलण्यात गुंतवायची तिची हातोटी होती, आणि नवरा भाषण करायला लागला की ती हो-हो म्हणत आपलं काम उरकून घेई. पण या गाण्याबाबतीत तिला नवऱ्याची बाजू घेववत नव्हती. तिच्या लग्नात हेच गाणं वाजलं होतं. तेव्हा ती इतकी रडली की सासरच्या बायकांनी तिला हळवी पोर म्हणून नावाजलं. खरी गोष्ट ही की सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं, आणि भाकर हा शब्द ऐकल्याबरोबर तिला रडू फुटलं. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पण ज्या गाण्यानं आपली भूक ओळखली ते गाणं ती सोडणार नव्हती.

"मामाजी मांडवात नसले तर मंजूले कोण धरन?" ती पट्ट्यांकडे बघत म्हणाली. प्रेमानंदनं चमकून बायकोकडे पाहिलं. समितीत फूट पडली होती.

मंजुश्री सकाळपासून काही बोललीच नव्हती. आजोबांच्या खाकी डगल्याच्या खिशात हात घालून ती मोठी झालेली. रद्दी तिकिटांचा गठ्ठा हे तिचं पहिलं खेळणं. वरात न आली तर काय, याचा ती विचार करत होती. वरात आली आणि आबा नसले तर काय, याचा तिला विचारच करवत नव्हता. तिनं एकदा आजीकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होत्या. खडा दिसला की बाजूला टाकायचा, बस. या घरातल्या भांडणात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं. भांडण आपल्याआपण थकतं असं त्यांचं मत होतं.

चार वाजता माणिकराव आले. जयभीम झाला, पाणी झालं. निळी टोपी त्यांनी मांडीवर ठेवली, त्यावरून सगळ्यांनी ओळखलं की चहाच्या आधीच भाषण होणार. तसंच झालं. ते म्हणाले की वैयक्तिक काही नाही, आबांबद्दल आदरच आहे, पण तालुक्यात मी तोंड कसं दाखवू. ज्या दिवशी तो व्हिडिओ आला त्या दिवसापासून त्या माणसाचा आवाज माझ्या घरात शिरला नाही. पोरांच्या मोबाइलमधली गाणी काढायला लावली, टेम्पोवर लिहिलेली ओळ खरवडून काढली. शिस्त म्हणजे शिस्त.

धम्मशीलेनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि दाराआड जाऊन आपल्या मोबाइलवरून माणिकरावांनाच फोन लावला. लावला तो स्पीकरवर लावला.

माणिकरावांच्या खिशात मोबाइल साधा टिर्र टिर्र वाजला. पण धम्मशीलेच्या मोबाइलमधून, फोन करणाऱ्याला जी गाण्याची धून ऐकू येते तिथं, घोगऱ्या आवाजात भाकर तव्यावर वाळायला लागली.

सगळे ऐकत राहिले. माणिकरावांना सुरुवातीला कळलंच नाही. आपल्याला फोन करणाऱ्याला काय ऐकू येतं हे माणसाला स्वतःला कधी कळत नाही. महिनाभर तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्यानं निषेधाचं काय ठरलं हे विचारायला त्यांना फोन केला होता, आणि प्रत्येकानं आधी हे गाणं ऐकलं होतं. कोणी बोललं नव्हतं.

"कुशलनं लावून देली असन," माणिकराव शेवटी म्हणाले. "दोन-तीन वर्षं झाले."

"चांगली हाय," गुलाबराव म्हणाले. "राहू द्या."

माणसाची चूक उघडी पडली की तो एकतर मऊ होतो नाहीतर ताठ. माणिकराव ताठ झाले. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाले की चूक दुरुस्त होईल, आज होईल, पण लग्नाचा निर्णय तोच. प्रेमानंदला यात मधला मार्ग दिसला. त्यानं खिशातून वहीचं पान काढलं. पाठवणीसाठी त्यानं स्वतः एक नवं गाणं लिहिलं होतं. वाट पाहणं तेच, भाव तोच, फक्त शब्द चळवळीचे. त्यानं पहिलं कडवं वाचलं. त्यात तेजोमय पहाट होती, पोलादी पाऊल होतं, आणि सासरी निघालेली मंजुश्री शोषणाची भिंत फोडत होती. मंजुश्रीनं डोळे मिटून घेतले. बेबीताई म्हणाली की याच्यावर कोणी रडणार नाही, वऱ्हाडी उठून उभे राहतील.

"मूळ गाण्यातला सूर्य मी ठेवला आहे," प्रेमानंद दुखावून म्हणाला. त्यानं एकदा बुलढाण्याला एका व्याख्यानात सांगितलं होतं तेच पुन्हा सांगायला घेतलं. वाळलेली भाकर ही वंचितांची भूक. न आलेला राजा म्हणजे पुढाऱ्यांनी दिलेली आश्वासनं. आणि माथ्यावर आलेला सूर्य हा क्रांतीचा सूर्य, म्हणून ही ओळ समाजाची, त्या गद्दाराची नाही. माणिकरावांनी गंभीरपणे मान हलवली. गुलाबरावांनी हात झटकला आणि त्यांचा नेहमीचा अर्थ सांगितला: ही लेकीची वाट पाहणारी माय आहे, अन् राजा म्हणजे लेकीला माहेरी धाडत नाही तो जावई.

सुपातली डाळ थांबली.

"सूर्य माथ्यावर आला म्हणजे दुपारचे बारा वाजले होते, बापू," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

प्रेमानंद म्हणाला की माय, हे प्रतीक आहे, तुला समजायचं नाही.

"मले नाही समजन तं कोणाले समजन? तवा माह्या घरचा होता."

मग त्यांनी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले, आणि गाण्याच्या त्याच चालीवर, घसा न खाकरता, डाळीचा भाव सांगावा तशा सहज म्हणाल्या:

"आठची गाडी गेली बाई, धाची बी गेली गं
डबलबेल मारणाऱ्याची अक्कल कुठं गेली गं"

हे कडवं कॅसेटमध्ये नव्हतं. भाग एकमध्ये नाही, भाग तीनमध्ये नाही. पण चाल तीच होती, आणि धाडमध्ये त्या काळी डबलबेल मारणारा माणूस एकच होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. गुलाबराव छताकडे बघत होते.

हळूहळू गोष्ट बाहेर आली, तीही अन्नपूर्णाबाईंनी पुन्हा डाळ निवडता निवडता सांगितलेली. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा काळ. मंजूचे आबा ड्युटी संपली की घरी यायचं सोडून लोणार नाही तर मलकापूर, जिथं दिगंबरकुमारांचा कव्वालीचा सामना असेल तिथं जात. जाताना सांगून जात की आठच्या गाडीनं येतो, भाकर टाकून ठेव. त्या टाकून ठेवत. आठची गाडी जाई, दहाची जाई, आणि हे दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला डोळे लाल करून येत. घरात दोन लेकरं आणि भांडायला माणूस नाही, म्हणून त्या तव्याशी भांडत. भांडता भांडता ते गाणं झालं.

मग सत्त्याऐंशीच्या एप्रिलात दिगंबरकुमार जयंतीच्या कार्यक्रमाला धाडला आले. उन्हानं पोट बिघडलं, म्हणून दोन दिवस याच घरी बाहेरच्या खाटेवर पडून होते. आबा ड्युटीवर गेलेले. त्या आत भाकऱ्या थापत आपलं नेहमीचं भांडण गुणगुणत होत्या. बाहेरून त्या माणसानं विचारलं, वहिनी, कोणाचं आहे हे. त्या म्हणाल्या, माझंच. तो म्हणाला, मी नेऊ का?

"अन् तू नेऊ देलं?" प्रेमानंदचा आवाज चढला. डोळ्यांपुढे नवं निवेदन उभं राहिलं. आधी गद्दार होता, आता चोर निघाला. एका श्रमिक स्त्रीची निर्मिती हडप केली. तो उठून उभा राहिला. माणिकरावही उठले. तालुकाभर हे गेलं पाहिजे, यावर दोघांचं तिथल्या तिथं एकमत झालं.

"बसा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

दोघे बसले.

"त्यानं विचारून नेलं. हात जोडून विचारलं. मी जाताना त्याले दोन भाकरी अन् ठेचा बांधून देल्ला, तसं हेही देल्लं. शेवटचं कडवं काढून टाकतो म्हणाला, कंडक्टरले वाईट वाटन. म्या म्हटलं, काढ. त्या दिवशी माणूस चांगला होता. आता बिघडला तं त्याले दोन शिव्या द्या, म्याही देईन. पण तवा फुटला म्हणून पीठ नासते काय? गाणं माहं हाय. वाजवाचं का नाही ते मी सांगन."

इतक्या वर्षांत त्या एका दमात इतकं बोलल्या नव्हत्या. मंजुश्री उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. माणिकरावांनी टोपी पुन्हा काढून मांडीवर ठेवली आणि हळूच विचारलं की मग आजी, कसं करायचं. अन्नपूर्णाबाईंनी ठरवून टाकलं. त्याचा आवाज मांडवात नको, पाव्हण्यांची मान खाली जायला नको. पाठवणीला त्या स्वतः म्हणतील. आवाज आता चिरका झाला आहे, पण भाकर वाळल्याचं सांगायला गोड आवाज लागत नाही. ओळी पत्रिकेवर राहतील. पट्टी फक्त नावावर. प्रेमानंद घाईनं म्हणाला की पट्टीवर लिहू, रचना, अन्नपूर्णाबाई. त्या म्हणाल्या की रचना वगैरे नको, लोक म्हणतील म्हातारी पुढारी झाली. मंजुश्रीनं कात्री घेतली, एक लहान पट्टी कापली आणि त्यावर आपल्या अक्षरात लिहिलं: मंजूची आजी. माणिकरावांनी ती पट्टी वाचली, डोळे पुसले आणि चहा मागितला. चहा केव्हाच निवला होता, धम्मशीलेनं दुसरा टाकला.

आता प्रश्न एका माणसाचाच उरला होता. मांडवात येणार की नाही हे गुलाबराव अजून बोलले नव्हते. आपलं गाणं जाणार म्हणून ते अडून बसले होते, आणि गाणं तर राहिलं होतं. आवाज गेला होता, त्याचं त्यांना दुःख होतंच. पण खाटेवर बसल्या बसल्या त्यांना छळत होतं ते वेगळंच. सदतीस वर्षं ते या गाण्यावर रडत आले होते. कॅसेट पहिल्यांदा वाजली तेव्हा रडले, प्रत्येक पाठवणीला रडले, लोकांना थांबवून थांबवून अर्थ सांगितला. आणि ज्याच्यामुळे भाकर वाळली तो राजा तेच होते.

"मले आधी काऊन नाही सांगतलं?" त्यांनी विचारलं.

अन्नपूर्णाबाईंनी मान वर केली. त्यांना प्रश्नच समजला नाही असं दिसलं.

"सांगाचं काय? पहिल्या खेपेले टेपवर लागलं तवा तुम्ही हुंदके देऊन देऊन रडले. म्या सैपाकघरातून पाह्यलं. म्या म्हटलं, समजलं यांले. चुकी समजली म्हणून रडून राह्यले. अन् त्याच महिन्यापासून तुम्ही आठच्या गाडीनं घरी येऊ लागले. मंग म्या बी मनातून काढून टाकलं."

गुलाबरावांना तो महिना चांगला आठवत होता. डेपो मॅनेजर नवा आला होता आणि त्यानं ड्युटीचा तक्ता बदलला होता. धाडचा मुक्काम त्यांच्याकडे आला, गाडी रात्री आठला गावात आणायची आणि सकाळी सहाला काढायची. कव्वालीला जाता येत नाही म्हणून त्यांनी विभागीय कार्यालयाला दोन अर्जही केले होते. दोन्ही नामंजूर झाले. त्या अर्जांच्या नकला पत्र्याच्या पेटीत होत्या, प्रेमानंदनं कॅसेट शोधताना त्या पाहिल्याही होत्या. बापानं मुलाकडे पाहिलं. मुलानं डिंकाच्या वाटीत बोट घातलं आणि तो एकदम मन लावून पट्टी चिकटवायला लागला.

चौतीस वर्षांच्या नोकरीत गुलाबरावांनी तपासनिसापुढे एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली.

"हाव," ते म्हणाले. "समजलं होतं."

अन्नपूर्णाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, डाळीतला खडा की डाळ हे ठरवताना बघतात तशा. मग त्यांनी मान हलवली आणि सूप बाजूला सारलं. "मंग बसून काऊन राह्यले? तीनशे पट्ट्या हायत," त्या म्हणाल्या, आणि पीठ काढायला आत गेल्या. गुलाबरावांनी पट्ट्या चिकटवल्या. पहिली पट्टी दिगंबरकुमारांच्या नावावर दाबताना त्यांनी अंगठा थोडा जास्त वेळ ठेवला. मंजुश्रीनं विचारलं, आबा, रविवारी मले धरसाल ना? ते म्हणाले, डोळे नीट पूस, पत्रिकेवर पाणी पडते.

माणिकराव गेले. जाता जाता दारात थांबून त्यांनी धम्मशीलेला हळूच सांगितलं की ती धून बदलायची नाही, आता गाणं आपल्या घरातलंच आहे.

दिवेलागणीला अन्नपूर्णाबाईंनी तवा चुलीवर ठेवला आणि वळून पाहिलं. गुलाबराव पाटावर येऊन बसले होते, हात धुऊन, ताट समोर ओढून. पीठ अजून मळायचं होतं. पहिली भाकर उतरायला अर्धा तास लागला, आणि तोवर ते तिथून उठले नाहीत.